भाऊजींनी सोडलेला मासा

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी आली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी आईच्या आणि ताईच्या तोंडचं ते नाव काही सुटलं नव्हतं. समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर मात्र तिच्या हुद्द्याचं नाव होतं ‘कंपनी मॅन’. ज्या कंपनीची विहीर, तिचा रिगवरचा माणूस. शेवटचा शब्द त्याचा. हुद्दा पुरुषाचा आणि माणूस बाई, म्हणून कामगार तिला ‘कंपनी मॅन मॅडम’ म्हणायचे. नवीन आलेला एखादा ते ऐकून हसायचा. दोनचार दिवसांत त्याचं हसणं थांबायचं, कारण मॅडमपुढे कामातली कुचराई खपत नसे.

त्या वर्षी तिच्याकडे आलेली विहीर भलतीच अवघड होती. त्या भागात समुद्राखाली तेल-वायूच्या विहिरी पूर्वीच खणून झाल्या होत्या आणि एकेक करत आटत चालल्या होत्या. पण त्या सगळ्या वरवरच्या थरांतल्या. त्यांच्या खाली शेलचा, म्हणजे दाबून दगड झालेल्या चिखलाचा जाडजूड थर होता, आणि त्याच्याही खाली वाळूचा दगड असावा असा अंदाज होता. फार जुन्या काळी कुठल्याशा नदीनं आणून टाकलेली वाळू. पाच किलोमीटर खोल ती वाळू वरच्या ओझ्यानं चेपून ठार झाली असेल, की कणाकणांत अजून फटी राहिल्या असतील? आणि फटी असतील तर त्यांत काय भरलं असेल? हे वरून कुणालाच सांगता येत नव्हतं. भोक पाडून बघायचं, एवढाच मार्ग.

फटी असणार, असं ठामपणे म्हणणारा एकच माणूस होता. रिगवरचा भूगर्भशास्त्रज्ञ. लुकडा, चष्मेवाला, बोलताना खिशातला दगड चाळवणारा. त्याला सगळे खडकबुवा म्हणत. विहिरीतून वर येणाऱ्या चुऱ्याची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो तासन्‌तास बसायचा आणि जेवायला बोलावलं की दचकायचा. शेल आता संपत आली, पुढच्या आठवड्यात वाळू लागेल, असं त्यानं सांगितलं, आणि त्याच दिवशी दुपारी पाइप तुटला.

विहीर खणण्याचं यंत्र चालवणाऱ्या ड्रिलरच्या काचेच्या केबिनमध्ये समोर वजनाचा आकडा दिसतो. मनोऱ्याच्या हुकाला जे पाइप खाली पार तळापर्यंत लोंबकळत असतात, त्या सगळ्यांचं वजन. तो आकडा एकाएकी उतरला. पंपाचा दाबही पडला. ड्रिलरनं सगळं थांबवलं आणि तिला फोन करून एवढंच म्हणाला, “मॅडम, गेला.”

ती जिना चढून वर गेली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. तिनं पाइप वर काढायला सांगितले. एकेक लांबडा पाइप सुटून मनोऱ्यात उभा राहू लागला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर शेवटचा वर आला तो अर्धाच. खालची बाजू फाटलेली, उसाच्या चिपाडासारखी. उरलेले जाड, वजनदार पाइप आणि टोकाचं दगड फोडणारं बिट खाली विहिरीतच राहिलं होतं.

अशा खाली राहिलेल्या तुकड्याला या धंद्यात मासा म्हणतात, आणि तो बाहेर काढण्याच्या कामाला मासेमारी. ती करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. किनाऱ्यावरच्या ऑफिसातून तिच्या साहेबांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होते. ते म्हणाले, नशीब चांगलं, मासेमामा मोकळे आहेत, उद्याच्या हेलिकॉप्टरनं पाठवतो. धाकटी गप्प राहिली. लाइन तुटली असं वाटून साहेब हॅलो हॅलो करत बसले.

मासेमामा म्हणजे ताईचा नवरा. म्हणजे एके काळचा.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा धाकटी कॉलेजात होती. होणारे भाऊजी पहिल्यांदा घरी आले ते तास दोन तास रिगच्याच गोष्टी सांगत बसले. आई-बाबा अवघडून गेले, ताई खालमानेनं हसत राहिली, आणि धाकटी मात्र खुर्ची पुढे ओढून ऐकत होती. समुद्राच्या तळाखाली मैलभर आत तुटलेला लोखंडाचा तुकडा, दिसत नाही, हात पोचत नाही, तो हा माणूस वर बसून नुसत्या अंदाजानं पकडतो. तिनं इंजिनीअरिंगची शाखा बदलली ती त्या संध्याकाळनंतर. बाबा पुढे कित्येक वर्षं म्हणायचे, जावई एकीला घेऊन गेला आणि दुसरीला बिघडवून गेला.

नवरा म्हणून भाऊजी काही जमले नाहीत. फोन आला की बॅग उचलायची. मुलगी जन्मली तेव्हा नाहीत, तिचे दुधाचे दात पडले तेव्हा नाहीत, सासरे गेले तेव्हाही नाहीत. घरी आले की पाहुण्यासारखे, टॉवेल कुठं असतात ते विचारायचे. ताई भांडली नाही, रडली नाही. एक दिवस म्हणाली, मला नवरा असल्याचा आणि नसल्याचा असे दोन्ही त्रास एकदमच होतायत, त्यातला एक कमी करते. आणि तिनं केला. तेव्हापासून धाकटी भाऊजींशी बोलली नव्हती. भांडण असं नव्हतं. ताईच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे दुसऱ्या बाजूला बघायचं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर उतरलं. लाल अंगरखा, पोट थोडं सुटलेलं, मिशा पिकलेल्या. चाल तीच, घाईत असल्यासारखी. कामाचं माणूस म्हणून सामोरी जायचं असं ठरवून धाकटी हेलिपॅडच्या जिन्यापाशी उभी होती. चारचौघांत ‘नमस्कार, प्रवास कसा झाला’ असं म्हणायचं तिनं घोळून ठेवलं होतं. ते समोर आले आणि तिच्या तोंडून निघालं, “या भाऊजी.”

जिन्यावरचे चौघंही जागच्या जागी थबकले. भाऊजींनी मात्र चेहरा हलू दिला नाही. “चला मॅडम,” ते म्हणाले, “मासा कुठाय?”

व्हायचं तेच झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रिगवर त्यांचं मासेमामा हे नाव मागे पडलं. क्रेनवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्यांना भाऊजीच म्हणू लागले. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊजी मात्र मजेत होते. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. कुठं बर्फातल्या विहिरीत काय केलं, कुठं तिघांनी हात टेकल्यावर आपण कसा पहिल्या झटक्यात काढला. आजवर एकही मासा सोडून आलेलो नाही, हे वाक्य तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठरलेलं. धाकटी ताटाकडे बघत जेवली. हा माणूस जराही बदललेला नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचा तिला रागही आला आणि बरंही वाटलं.

पण जेवण झाल्यावर ते थेट तुटलेल्या पाइपापाशी गेले. गुडघ्यावर बसून त्यांनी तो फाटलेला काठ फडक्यानं पुसला, खिशातलं भिंग लावलं, आणि केबिनमधल्या ड्रिलरला खाली बोलावलं. तो बिचारा दोन दिवस नीट जेवला नव्हता. आपल्याच हातून कुठंतरी जास्त जोर लागला असं त्याच्या मनानं घेतलं होतं. भाऊजींनी त्याचा हात धरून अंगठा त्या काठावर फिरवला. अर्धा काठ गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या. उरलेला अर्धा खरबरीत.

“ही गुळगुळीत बाजू जुनी आहे,” ते म्हणाले. “चीर केव्हाची पडलेली. रोज थोडी थोडी वाढत आली. तुझ्या वेळेला फक्त शेवटचा टवका निघाला. तुझ्या जागी कुणीही असता तरी निघाला असता.”

ड्रिलर उठला आणि सरळ जेवणाच्या खोलीकडे गेला. धाकटी बाजूला उभी राहून पाहत होती. हेच तिलाही त्याला सांगायचं होतं; तिनं सांगितलंही असतं, पण बहुधा कामाच्या गडबडीत, दोन दिवस उशिरा. सगळ्यांत आधी माणूस उभा करायचा आणि मग मासा, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

पहिलं काम बघण्याचं. मासा कसा पडलाय ते दिसायला खाली कॅमेरा चालत नाही. विहीर जड, काळ्या मडनं, म्हणजे मुद्दाम कालवलेल्या चिखलानं, काठोकाठ भरलेली असते, तोच भिंतींना आधार देतो आणि खालचा दाब रोखून धरतो. म्हणून पाइपाच्या टोकाला शिशाचा ठोकळा लावून खाली सोडायचा, माशाच्या डोक्यावर एकदाच अलगद टेकवायचा आणि वर काढायचा. शिसं मऊ, त्यावर ठसा उमटतो. ठोकळा वर आला तेव्हा सगळे भोवती जमले. सगळ्यांना एका कडेला ओरखडा तेवढा दिसला. भाऊजींनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत बसले. फार वेळ. मग म्हणाले, मासा उभा नाहीये, भिंतीला टेकून झोपलाय, आणि त्याचा एक ओठ बाहेरच्या बाजूला वळलाय.

त्यांनी एका रात्रीत अवजार जुळवलं. टोपीसारखी पकड, तिच्या आत पकडलेलं न सोडणारे दाते, आणि खाली वाकडा हूक, भिंतीला टेकलेल्या माशाला अलगद मध्ये ओढून आणायला. अवजार खाली पोचल्यावर भाऊजी ड्रिलरच्या शेजारच्या स्टुलावर बसले. हात रेलिंगवर, नजर आकड्यावर. थोडं खाली, थोडं उजवीकडे, थांब, आता परत. पाच किलोमीटर लांब पाइपाच्या टोकाशी काय चाललंय ते त्यांच्या तळहाताला कळत होतं की काय कोण जाणे. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या नाही, पण लवकरच आकडा किंचित जड झाला. भाऊजी म्हणाले, “बसली टोपी.”

रिगवर एकच जल्लोष झाला. आचाऱ्यानं केक करायला घेतला. तो केक खाताना कुणाचंच मन जाग्यावर राहणार नव्हतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मासा पकडला होता, पण येत नव्हता. पाइपात मधेच बसवलेला एक भला थोरला हातोडा असतो. ताण दिला की तो आत सुटतो आणि माशाला वरच्या बाजूला हिसडा बसतो. हिसड्यामागून हिसडे सुरू झाले. प्रत्येक वेळी मनोरा हादरायचा, कपाटातल्या बशा वाजायच्या, झोपलेली माणसं बिछान्यात उसळायची. असं तो दिवस चाललं, दुसरा दिवस चाललं. भाऊजी स्टुलावरून उठले ते फक्त जेवायला. जेवताना आता ते गोष्टी सांगत नव्हते.

त्याच सुमारास ताईचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे सांगायला. सगळं सांगून झाल्यावर ताईनं विचारलं, तुझा आवाज असा का? धाकटीनं थोडी टाळाटाळ केली, पण ताईपुढे तिचं कधीच काही चालायचं नाही. कोण आलंय ते तिनं सांगितलं.

“अजून बढाया मारतो?” ताईनं विचारलं.

“मारतात. परवापर्यंत मारत होते.”

ताई म्हणाली, “एक सांगू? मला त्यानं काहीही थापा मारल्या असतील. पुढच्या महिन्यात नक्की येतो, हे तर शंभरदा. पण लोखंडाबद्दल तो माणूस कधी खोटं बोलला नाही. तुला काही सांगितलं तर ऐक.”

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी धाकटीच्या ऑफिसात आले. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर विहिरीचा उभा नकाशा, एवढीच ती खोली. त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसताना पहिल्यांदाच वय झाल्यासारखे बसले.

“धाकटे, सोडून दे,” ते म्हणाले. “येत नाही तो.”

त्यांनी टेबलावर बोटानं रेघा ओढत समजावलं. पाइप ताणला की रबरासारखा थोडा लांबतो. किती लांबला त्यावरून तो कुठपर्यंत मोकळा आहे ते कळतं. आपला पाइप जेवढा लांबायला हवा तेवढाच लांबतोय. मासा मात्र तसूभरही लांबत नाही. म्हणजे तो शेंड्यापासूनच गच्च बसलाय. शेल खचून त्याच्याभोवती आवळलीय. असंच हिसडत राहिलं तर आपला वरचा पाइप तुटेल, आणि मग एकाचे दोन मासे.

धाकटीनं आदल्या संध्याकाळी हाच हिशेब स्वतः केला होता आणि हेच उत्तर काढलं होतं. फक्त त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता, कारण समोरचा माणूस अजून ओढत होता. तिनं ते त्यांना सांगितलं. भाऊजी हसले. “मग काल का नाही बोललीस?”

“तुमचं ते वाक्य होतं ना, एकही मासा सोडलेला नाही म्हणून.”

“ते वाक्य जेवणाच्या टेबलावरचं,” ते म्हणाले.

साहेबांना पटवणं हे वेगळं काम होतं. तिनं बाकीच्यांनाही खोलीत बोलावून फोन लावला. स्पीकरवर ते म्हणाले, मासेमामांनी आजवर कधी हात टेकले नाहीत, आणखी चार दिवस द्या, जाड पाइप घालून बाजूनं मोकळा करून बघा. धाकटीनं शांतपणे सांगितलं की शेल अशी खचत असताना जाड पाइपही आतच अडकेल; मासा जागच्या जागी सिमेंट करून टाकायचा आणि वरून आडव्या अंगानं नवं भोक काढायचं, हा तिचा निर्णय आहे. साहेब म्हणाले, निर्णय तुमचा खरा, पण उद्या वरचे विचारतील, मामा तिथे असताना सोडला कसा?

भाऊजी खुर्ची ओढून फोनच्या जवळ सरकले. “साहेब, मी बोलतोय. वरच्यांना सांगा, मॅडमनी सोडला नाही, मी सोडला. हा मासा माझ्याच्यानं निघत नाही.”

खोलीत ड्रिलर होता, खडकबुवा होते, रेडिओवाला दारात होता. सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या रिगला आणि आठवड्याभरात अख्ख्या धंद्याला कळणार होतं, हे भाऊजींइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पकड सोडवायला वर निघून गेले. तेही सोपं नसतं. कितीदा टोपीच निघत नाही. त्यांनी खाली एक हलका ठोसा दिला, मग उजवीकडे फिरवत फिरवत, बाळाच्या मुठीतून बोट काढावं तशी ती सोडवून घेतली. धाकटीनं एवढं नेटकं काम पाहिलं नव्हतं, आणि ते हार मानण्याचं काम होतं.

पुढचं काम तिचं. माशाच्या वर सिमेंटचं बूच बसलं. ते कडक झाल्यावर वाकड्या मानेची मोटर लावून बिट हळूहळू बाजूला वळवलं. वर येणारा चुरा गाळणाऱ्या चाळण्यांवर आधी नुसतं सिमेंट येत होतं, मग सिमेंट आणि दगड मिसळून, मग नुसता दगड. तेव्हा कळलं की जुनी वाट सुटली. आधी वर आलेल्या शेलच्या कपच्या तिनं जपून ठेवल्या होत्या. लांबट, धारदार, वाकलेल्या. त्या बघून तिनं ताडलं होतं की शेलच स्वतःच्या दाबानं आत ढासळते आहे, आपला मड तिला पुरेसा रेटत नाही. या वेळी तिनं मड जड केला. पण तोच जड मड खालच्या वाळूला सोसला नसता, फटी फोडून आत शिरला असता. म्हणून वाळूच्या जरा वरपर्यंत लोखंडी नळ घालून तिनं शेल कायमची बंद करायची ठरवली. नळ कुठं थांबवायचा, हे खडकबुवांच्या एका चिमूटभर चुऱ्यावर ठरायचं होतं. थोडा आधी थांबला तर शेल उघडी राहते, थोडा पुढे गेला तर नको तो मड वाळूत शिरतो. ती दोघं दिवस दिवस सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसली. नळ बरोबर जागी बसला. भाऊजी ते सगळं मागे उभं राहून बघत होते.

खरं तर त्यांचं तिथं काही काम उरलं नव्हतं. पकड सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशीच ते बॅग घेऊन हेलिकॉप्टरच्या खोलीत बसले होते. धाकटी निरोप द्यायला गेली तर म्हणाले, जागा कमी असेल तर मी पुढच्या फेरीनं जाईन. ती म्हणाली, जागा आहे की, भरपूर आहे. ते बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत बसले.

“मी एकही विहीर तळाला पोचलेली पाहिलेली नाही, धाकटे,” ते शेवटी म्हणाले. “बिघडलं की बोलावतात, सुधारलं की घालवून देतात. खाली काय निघालं ते मागाहून कुणाकडून तरी कळतं. कधी कळतही नाही.”

एवढ्या वर्षांच्या एवढ्या गोष्टींत तिनं हे कधीच ऐकलं नव्हतं. तिनं त्यांच्या नावावर काहीतरी कारण ठोकून दिलं, नव्या भोकात हातोड्यावर देखरेख की असंच काही, आणि त्यांना ठेवून घेतलं.

वाळू लागली ती सकाळी. शेलमध्ये कासवाच्या गतीनं सरकणारं बिट एकदम धावू लागलं. ड्रिलरनं सांगितल्याप्रमाणे लगेच थांबवलं, बिट वर उचललं, आणि खालच्या दाबानं विहीर उसळी तर घेत नाही ना ते सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. नाही घेतली. मग तळातला चुरा मडबरोबर वर येण्याची वाट. त्याला काही तास लागतात आणि त्यात कुणालाही काही करता येत नाही. भाऊजी थरथरणाऱ्या चाळण्यांपाशी जाऊन उभे राहिले ते तिथेच. आधी वायू मोजणाऱ्या यंत्राची सुई चढली, मग चाळणीवर फिकट करडा चुरा आला.

खडकबुवांनी तो धुतला, काचेवर पसरला आणि वाकून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान न वळवता धाकटीला हातानं बोलावलं. तिनं डोळा लावला. वाळूचे कण, गोल, धुतलेल्या तांदळासारखे, आणि प्रत्येकाभोवती हिरवट पातळ लेप. त्या लेपानंच आजवर कण एकमेकांना चिकटू दिले नव्हते. एवढ्या ओझ्याखाली, एवढ्या उष्णतेत, मधल्या फटी तशाच मोकळ्या होत्या. खडकबुवांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी चष्म्याच्या नावावर खपवलं. मग धाकटीनं भाऊजींना पुढे केलं. ते इतका वेळ काचेत बघत राहिले की मागच्या माणसांची रांग झाली.

वाळूचे थर दोन निघाले. खालच्यात नुसतं खारं पाणी. वरच्यात वायू. तो किती जोरानं येतो ते बघण्याची चाचणी झाली तेव्हा रिगच्या बाहेर काढलेल्या लांब दांड्याच्या टोकाला भर दिवसा ज्योत पेटली. पाण्याच्या फवाऱ्यांआडूनही तिची आच तोंडाला लागत होती. कामगार फोटो काढत होते. धाकटीला वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच काही सुचत नव्हतं. दाबाचे आकडे वाचून दाखवायचे तेवढे ती वाचत होती. भाऊजी तिच्या शेजारी उभे होते. जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी त्यांना सगळ्यांनी गोष्ट सांगायचा आग्रह केला. ते म्हणाले, आज नाही, आज मी नुसता प्रेक्षक.

आपली पाळी संपवून धाकटी घरी गेली ती आधी ताईकडे. दोरीवरचे कपडे काढता काढता ताईनं सगळं ऐकून घेतलं. ज्योतीचा व्हिडिओ दोनदा पाहिला. भाऊजी फोनवर काय म्हणाले तेही धाकटीनं सांगितलं. ताई चादरीची घडी घालत म्हणाली, “सगळ्यांसमोर म्हणाला?” धाकटी हो म्हणाली. ताईनं घडी पुन्हा उलगडली आणि नीट घातली. रात्री मुलीला फोन करताना तिनं व्हिडिओ तिला पाठवलेला धाकटीनं पाहिला.

वायू विकण्याजोगा आहे की नाही ते ठरायला आणखी विहिरी लागणार होत्या. दुसरीची आखणी सुरू झाली तेव्हा धाकटीनं साहेबांना सांगितलं की मासेमामांना आत्ताच बोलवा, बिघडायच्या आधी. साहेब म्हणाले, अहो, मासाच नाही तर ते करणार काय? ती म्हणाली, मासा होऊ नये म्हणून काय करायचं ते त्यांच्याएवढं कुणाला माहीत आहे? साहेबांनी बैठकीच्या यादीत त्यांचं नाव घातलं.

बैठकीच्या दिवशी भाऊजी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या तासाभरातच त्यांनी तीन जुन्या विहिरींच्या हकिकती सांगून टाकल्या, खडकबुवांशी शेलच्या जाडीवरून हुज्जत घातली आणि नळ कुठे बसवायचा यावर धाकटीचं म्हणणं साफ खोडून काढलं. तिनं उठून फळ्यावर स्वतःचं गणित मांडलं. त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला आणि शेजारी आपलं मांडलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती दोघं तिथंच उभी होती, आणि बाकीचे खुर्च्या पुढे ओढून ऐकत होते.